हसवणाऱ्याची गती

लोकांना हसवणे हे पुण्यकर्म की पापकर्म, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार पूर्वी उपस्थित झाला आणि तो उपस्थित करणारा स्वतः एक नट होता. पाली त्रिपिटकातील संयुत्तनिकायात गामणिसंयुत्त नावाचा एक भाग आहे. निरनिराळ्या गावांचे आणि व्यवसायांचे प्रमुख बुद्धाला भेटून काय काय विचारतात, याचे संवाद त्यात एकत्र केले आहेत. त्यांत तालपुट नावाचा नटगामणी, म्हणजे नटांच्या ताफ्याचा नायक, राजगृहाच्या वेळुवनात येतो आणि विचारतो की, रंगमंचावर खऱ्याखोट्याची सरमिसळ करून लोकांना हसवणारा व रिझवणारा नट मृत्यूनंतर ‘पहास’ नावाच्या हसऱ्या देवांच्या सहवासात जन्म घेतो असे आमच्या व्यवसायातील जुने आचार्य सांगत आले आहेत, त्याविषयी भगवंतांचे मत काय. बुद्ध दोनदा उत्तर टाळतो आणि हा प्रश्न विचारू नकोस असे सुचवतो. तिसऱ्यांदा मात्र तो सांगतो की, प्रेक्षक मुळातच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात (राग म्हणजे येथे आसक्ती), नट त्यांच्यापुढे त्याच तिन्हींना चेतवणाऱ्या गोष्टी मांडतो, स्वतः बेसावध होऊन इतरांनाही बेसावध करतो आणि त्यामुळे तो ‘पहास’ नावाच्याच नरकात जातो. तालपुट रडू लागतो. या उत्तराने आपल्याला रडू आले नाही, इतका दीर्घ काळ आपल्याच गुरुजनांनी आपल्याला फसवले याचे रडू आले, असे तो स्पष्ट करतो, संघात प्रवेश घेतो आणि यथाकाल अर्हत्पदाला, म्हणजे पूर्ण मुक्तीला, पोहोचतो. थेरगाथेत त्याच्या नावावर एक दीर्घ रचना आहे आणि तिच्या बऱ्याच भागात तो आपल्या चित्तालाच उद्देशून बोलत, त्याला दटावत असतो.

या सुत्ताचा उल्लेख बहुधा बौद्ध परंपरेला कलांचे वावडे होते हे दाखवण्यासाठी होतो, आणि तेवढ्यावर तो सोडून दिला जातो. त्यातील युक्तिवाद मात्र पुरेसा काटेकोर आहे आणि एखाद्या प्रत्यक्ष नटाच्या कारकिर्दीवर लावून पाहिल्याशिवाय त्याचा कस लागत नाही. त्यासाठी विसाव्या शतकातील मराठी रंगभूमीवर व चित्रपटसृष्टीत दादा कोंडके यांच्याइतका योग्य नट दुसरा सापडणे कठीण आहे, कारण बुद्धाने तालपुटाच्या व्यवसायावर ठेवलेले आरोप, म्हणजे वासना चेतवणे आणि लोकांना बेसावध करणे, जवळजवळ त्याच शब्दांत दादांवर त्यांच्या हयातीत ठेवले गेले; तसेच ज्या समजुतीवर तालपुट वाढला होता, म्हणजे हसवणारा हा पुण्यवान असतो, तीच समजूत दादांच्या चाहत्यांची होती आणि आजही आहे.

दादांचा, म्हणजे कृष्णा कोंडके यांचा, जन्म १९३२ साली मुंबईच्या गिरणगावात, नायगावात, गिरणी कामगाराच्या घरी झाला. भजने, मेळे, बँडपथके, गणपतीपुढचे कार्यक्रम हे त्या वस्तीचे नित्याचे जीवन होते आणि दादांचे पहिले संगीतशिक्षण, त्याला शिक्षण म्हणता येईल तर, तेथेच झाले. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाशी त्यांचा संबंध आला. लोकनाट्याचा उपयोग समाजप्रबोधनासाठी करून घेण्याचा प्रयत्न या पथकाने पद्धतशीरपणे केला होता, आणि निळू फुले यांच्यासारखे नटही याच वातावरणातून पुढे आले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगभूमीवर आले, त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि त्यातील हवालदाराच्या भूमिकेने दादांचे नाव महाराष्ट्रभर झाले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटातून ते पडद्यावर आले. ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७) अशी ओळीने यशस्वी चित्रपटांची मालिका लागली, आणि त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे पंचवीस आठवडे चाललेले, ठरल्याची नोंद गिनीज बुकात झाली. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दादांच्या कलेचे धार्मिक मूळ शोधायचे तर तमाशाच्या रचनेकडे पाहावे लागते. तमाशाचा आरंभ गणाने होतो; गण म्हणजे गणेशाचे आवाहन, आणि ते ढोलकी, हलगी, तुणतुणे यांच्या साथीवर उभे राहून गायिले जाते. त्यानंतर गवळण येते, जिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा बोबडा, अडखळत चालणारा सवंगडी पेंद्या अडवतात, आणि पुरुषाने रंगवलेली मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. मग बतावणी, म्हणजे दोन नटांमधली सवालजवाबांची आणि कोट्यांची जुगलबंदी, आणि सर्वांत शेवटी वग, म्हणजे कथानक. आधी देवाला नमस्कार, नंतर देवाचीच थट्टा आणि त्याच दमात अंगचटीला येणारी छेडछाड, असा हा क्रम आहे, आणि त्यात प्रेक्षकाला काही विसंगत वाटत नाही. भक्ती आणि चावटपणा यांच्यामध्ये भिंत घालण्याची गरज या रंगपरंपरेला कधी भासली नाही. सबनीसांचे लोकनाट्य सुशिक्षित शहरी प्रेक्षकासाठी लिहिलेले असले तरी त्याने हा सांगाडा कायम ठेवला, आणि दादांनी पुढे चित्रपटात जो भोळा, हेंगाडा, आईच्या पदराआड दडणारा नायक उभा केला, त्याचा पूर्वज शास्त्रीय नाटकातील नायकांमध्ये सापडत नाही. तो गवळणीतल्या पेंद्यात सापडतो. गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ चड्डी, तिची बाहेर लोंबणारी नाडी, अर्धवट उघडे तोंड आणि संकट दिसताच ‘आये’ अशी मारलेली हाक, एवढ्या सामग्रीवर दादांनी ते पात्र उभे केले. ‘सोंगाड्या’तील नाम्या तमाशाच्या नादी लागला म्हणून रत्नमालाबाईंनी रंगवलेली करारी आई त्याला घराबाहेर काढते, हा प्रसंग वरवर विनोदी आहे, परंतु तमाशा पाहणे हेच पाप आहे की काय, हा प्रश्न चित्रपटाने आपल्या कथेच्या मध्यभागी ठेवला आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

संस्कृत नाट्यविचाराने या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत आणि दोन्ही भरताच्या नाट्यशास्त्रातच आहेत. पहिल्या अध्यायात नाट्याच्या रक्षणासाठी देवतांची नेमणूक होते, तेव्हा नायकाचे रक्षण इंद्राकडे आणि नायिकेचे सरस्वतीकडे जाते, तर विदूषकाचे रक्षण साक्षात ओंकार करतो. सर्वांत उथळ समजल्या जाणाऱ्या पात्राच्या पाठीशी सर्वांत गूढ अक्षर उभे करण्यामागचा हेतू ग्रंथ सांगत नाही, पण ही योजना अजाणता झाली असेल असे मानणे अवघड आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात मात्र वेगळीच कथा येते. भरताच्या पुत्रांना, म्हणजे पहिल्या नटांना, यशाचा उन्माद चढतो. ते प्रहसनांतून ऋषींची टिंगल करू लागतात, त्यांच्या प्रयोगांत ग्राम्यता शिरते, आणि संतापलेले ऋषी त्यांना शाप देतात की तुमचे ज्ञान नष्ट होईल आणि तुमची संतती समाजात हीन गणली जाईल. नट खचून जातात आणि आत्मनाशाला निघतात. तेव्हा भरत त्यांना आवरतो आणि नाट्य टाकू नका असे बजावतो. शाप मात्र परत घेतला जात नाही. हसवणाऱ्याला ओंकाराचे संरक्षण आणि त्याच हसवण्याबद्दल ऋषींचा शाप, या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न ग्रंथाने केलेला नाही, आणि महाराष्ट्रात तमासगीर कलावंतांच्या वाट्याला जे आले ते पाहता शापाचीच बाजू व्यवहारात अधिक खरी ठरली असे म्हणावे लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, आणि ती उठवली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट घातली. ऋषींची जागा तपासनीस मंडळाने घेतली, इतकाच काय तो फरक.

हास्यरसाची नाट्यशास्त्रातील मीमांसा येथे थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण तिच्यात एक सामाजिक श्रेणी दडलेली आहे. भरताने हास्याचे सहा प्रकार केले आहेत: स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. दात न दाखवता केवळ गाल किंचित फुलवणे ही उत्तम माणसाची खूण, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बरगड्या धरून, मोठ्याने हसणे ही अधमाची खूण. या कोष्टकाप्रमाणे दादांचा सगळा प्रेक्षक, गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार असो की जत्रेत तंबूतला सिनेमा पाहणारा शेतकरी असो, शेवटच्या रकान्यात पडतो. अलंकारशास्त्रात ग्राम्यत्व हा काव्यदोष मानला गेला, म्हणजे नागर संस्कार नसलेल्या माणसाच्या तोंडची भाषा काव्याला उणेपणा आणते असे ठरले. दादांच्या विनोदाविरुद्ध मराठी समीक्षेत जो तिटकारा दिसतो, त्यातील नैतिक भाग किती आणि या श्रेणीतून आलेला भाग किती, हे वेगळे काढल्याशिवाय मूळ धार्मिक प्रश्नाला हात घालता येत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळाच्या पदरात टाकली, तेही याच ओघातले आहे.

श्रेणी बाजूला ठेवली की उरतो तो द्वयर्थाचा प्रश्न. दादांचे संवाद, गाणी आणि ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’, ‘आली अंगावर’ यांसारखी चित्रपटांची नावे ऐकणाऱ्याला एक निर्मळ अर्थ देतात आणि त्याच वेळी दुसरा, देहाशी निगडित अर्थ सुचवतात. हा प्रकार मराठीत दादांनी आणला असे पुष्कळदा बोलले जाते, आणि ते इतिहासाला धरून नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनिसिद्धान्त मांडला. शब्दांचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ, आणि त्यापलीकडे जाणकार श्रोत्याला जाणवणारा सूचित अर्थ तो व्यंग्यार्थ, व हा व्यंग्यार्थच काव्याचा आत्मा होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. या गंभीर सिद्धान्ताच्या पहिल्याच उदाहरणांमध्ये त्याने जी गाथा घेतली ती हालाच्या गाथासप्तशतीतील, महाराष्ट्री प्राकृतातील, गोदावरीच्या काठची आहे. एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते की आता निर्धास्त फिरा, तुम्हाला सतावणाऱ्या कुत्र्याला या काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकले आहे. अभय देणाऱ्या या बोलण्याचा खरा रोख असा की ती झाडी तिच्या चोरट्या भेटीची जागा आहे आणि धार्मिकाने तिकडे पुन्हा फिरकू नये. शेजारीच दुसरी गाथा आहे, तिच्यात रातांधळ्या वाटसरूला गृहिणी दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू इथे झोपते, मी इथे झोपते, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. भारतीय काव्यशास्त्राची ही आधारशिला महाराष्ट्राच्या मातीतील चावट द्वयर्थावर बसवलेली आहे, आणि दादांचे कान उपटणाऱ्या पंडितांपैकी बहुतेकांनी ती अभ्यासक्रमात वाचलेली असते.

दुसरे उदाहरण संतपरंपरेतले आहे आणि धर्मविचाराच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारूड हा प्रकार विपुल हाताळला. भारुडात गोंधळी, जोगी, वेसकर, दादला, सासू, विंचू अशी रोजच्या व्यवहारातील पात्रे आणि प्रसंग येतात, सोंगे घेऊन ती सादर केली जातात, श्रोते पोट धरून हसतात, आणि त्या प्रपंचाच्या बोलण्याखाली वैराग्याचा, सद्गुरूचा, कामक्रोधाच्या विषाचा अर्थ उलगडत जातो. येथेही दोन अर्थ आहेत आणि येथेही श्रोत्याने दुसरा अर्थ आपण होऊन पकडायचा आहे. भारुडात वरचा थर देहव्यवहाराचा आणि आतला परमार्थाचा असतो. दादांच्या संवादात वरचा थर निरागसतेचा आणि आतला देहव्यवहाराचा असतो. यंत्रणा एकच आहे, तिची दिशा उलट आहे. वारकरी परंपरेने द्वयर्थाला आणि हास्याला धर्माच्या अंगणात जागा दिली, याचा अर्थ द्वयर्थ स्वभावतः पापमय नाही असा होतो. मग प्रश्न उरतो तो दिशेचा, श्रोत्याचे मन कोठून कोठे नेले जाते याचा.

सेन्सॉर मंडळापुढे दादांचा बचाव ठरलेला असे. ते शब्दाचा निर्मळ अर्थ समोर ठेवत आणि दुसरा अर्थ तुमच्या मनात आला तर तो दोष तुमच्या मनाचा, असे सुचवत. बचाव चतुर होता, पुष्कळदा यशस्वीही झाला, पण तत्त्वदृष्ट्या तो टिकणारा नाही, आणि तो टिकत नाही हे सांगायला कोणत्याही परकीय नीतिशास्त्राची गरज नाही. मम्मटासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी व्यंग्यार्थ कशामुळे निघतो याची कारणे सांगितली आहेत: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता, बोलताना स्वर कसा काढला. यांतील श्रोता सोडल्यास बाकी सर्व गोष्टी नटाच्या आणि लेखकाच्या हातात असतात. शब्दाआधी घेतलेला अर्ध्या क्षणाचा थांबा, वर केलेल्या भुवया, ढोलकीवर नेमकी पडलेली थाप हे सारे दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवण्यासाठीच योजलेले असते. बौद्ध विचारात कर्म म्हणजे मुळात चेतना, म्हणजे हेतुपूर्वक केलेला मनाचा व्यापार होय. त्या कसोटीवर दुसऱ्या अर्थाचे कर्तृत्व नटाकडे निःसंशय जाते. मात्र श्रोताही सुटत नाही, कारण आनंदवर्धनाच्याच मते व्यंग्यार्थ जाणणारा श्रोता हा काव्यनिर्मितीत सहभागी असतो. कुटुंबातल्या सर्वांसमवेत बसून दादांच्या संवादाला हसणारा आणि बाहेर पडल्यावर चित्रपट चावट होता अशी तक्रार करणारा प्रेक्षक हा या दृष्टीने सहआरोपीच ठरतो.

आता बुद्धाचा मुख्य आक्षेप. नट प्रेक्षकांची आसक्ती वाढवतो, हे विधान सर्व हास्याला लागू पडते काय? भरताच्या मते हास्य शृंगारातून उपजते, शृंगाराची नक्कल झाली की हास्य होते. आणि दहाव्या-अकराव्या शतकांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेऊन म्हटले की कोणतीही भावना अनुचित ठिकाणी, अनुचित माणसात प्रकट झाली की तिचा आभास होतो आणि त्या अनौचित्यातून हास्य निघते. रावणाला सीतेविषयी वाटणारी उत्कंठा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. याचा अर्थ असा की वासना हास्याचा विषय झाली की ती प्रेक्षकापुढे भोग्य म्हणून राहत नाही, तिचे हसे होते, आणि हसे झालेली वासना चेतवत नाही, उघडी पडते. ‘विच्छा माझी पुरी करा’चा वग या नियमाचा जवळजवळ शास्त्रशुद्ध नमुना आहे. या वगाचे आधीचे नाव ‘छपरी पलंगाचा वग’ होते. हवालदाराला डावलून कोतवालाच्या खुर्चीवर बसलेला माणूस मैनावती नावाच्या स्त्रीवर लुब्ध होतो. ती त्याच्याकडे राजाचा छपरी पलंग मागते. आणि राज्यातील चोऱ्या रोखण्यासाठी नेमलेला हा अधिकारी स्वतः राजवाड्यातील पलंग चोरायला निघतो. त्याची प्रत्येक हालचाल शृंगाराच्या आशेने झालेली आहे आणि प्रत्येक पावलागणिक तो अधिक हास्यास्पद होत जातो. दादांचा हवालदार हे सर्व पाहत असतो, त्याला फूस देत असतो, आणि प्रेक्षकाकडे वळून त्या त्या दिवसाच्या राजकारणावर शेरे मारत असतो. या प्रयोगाने कोणाची आसक्ती वाढली असेल असे मानायला जागा नाही; सत्ता आणि वासना यांची युती कशी दिसते, हे मात्र तो प्रेक्षकाला स्वच्छ दाखवत होता. ‘सोंगाड्या’तही हीच गोष्ट निराळ्या रीतीने साधली आहे, कारण तेथे हास्य नाम्याच्या अजाणतेपणातून येते, दुसरा अर्थ प्रेक्षकाला कळतो, नाम्याला कळत नाही, आणि उषा चव्हाण यांनी रंगवलेली तमाशातली कलावंतीणच त्याच्यापेक्षा शहाणी असते.

हाच निर्वाळा सबंध कारकिर्दीला देता येत नाही. १९८० नंतरच्या चित्रपटांत, आणि ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) व ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटांत तर ठळकपणे, भोळेपणाचा मुखवटा तोच राहिला पण त्यामागचा भोळेपणा संपला. नायकाला सर्व काही कळते आणि कळत नसल्याचे सोंग तो करतो. हास्याचा विषय अधिकाऱ्याची किंवा स्वतःची वासना न राहता समोरच्या स्त्रीचा देह होतो. कथेचा धागा क्षीण होत जातो आणि कोटीमागून कोटी येत राहते. अनौचित्य उघडे पाडणारे हास्य जाऊन अनौचित्यात सामील करून घेणारे हास्य आले, आणि या टप्प्यावर तालपुटाला मिळालेले उत्तर दादांनाही लागू पडते. वय वाढत गेले, प्रेक्षकाची अपेक्षा ठरून गेली, वितरकांना त्याच साच्यातला माल हवा होता, अशी कारणे देता येतील. ती स्पष्टीकरणे आहेत, समर्थने नव्हेत. दादांची लोकप्रियता या काळातही टिकून होती, पण गल्ल्यावर नैतिक प्रश्न सुटत नसतात.

बुद्धाच्या उत्तरातील तिसरा शब्द, मोह, मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे. नट लोकांना बेसावध करतो, म्हणजे दुःखाच्या वास्तवाचा विसर पाडतो, असा तो आक्षेप आहे, आणि दादांनी स्वतःच्या कलेचे प्रयोजन नेमके हेच सांगितले होते. तरुणपणी वर्षभराच्या आत घरातली जिवाभावाची माणसे एकामागून एक गेली, त्या धक्क्याने आपण दीर्घ काळ सुन्न होतो, आणि त्यातून बाहेर पडल्यावर लोकांना हसवून त्यांच्या चिंता विसरायला लावायच्या असे ठरवले, असे त्यांनी म्हटले आहे. एकाच कृतीला बुद्ध मोह म्हणतो आणि नट करुणा म्हणतो. बौद्ध परंपरेला हास्य सर्वस्वी त्याज्य नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अभिधम्मात, म्हणजे चित्ताच्या सूक्ष्म वर्गीकरणाच्या शास्त्रात, ‘हसितुप्पाद’ नावाचे एक स्वतंत्र चित्त सांगितले आहे, जे केवळ अर्हताच्या ठायी उत्पन्न होते आणि ज्यातून त्याचे स्मित उमटते. अर्हत दुःख पाहूनही हसू शकतो, कारण त्याला काही विसरावे लागत नाही. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा करणे धर्माला शोभणारे असेल, परंतु अडीच-तीन तासांचा विसर हा त्याच्यापुरता औषधाइतका खरा होता. औषधाने रोग जात नाही असे बुद्धाने म्हटले, तर ते बरोबरच आहे. ते देणाऱ्याला नरकात पाठवण्याइतका त्याचा अपराध आहे काय, याविषयी मात्र सुत्ताशी मतभेद नोंदवावा लागतो.

शिवाय विसर पाडणे हे दादांच्या हास्याचे एकमेव कार्य नव्हते. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ लावण्याचे ठरलेले असताना ‘तेरे मेरे सपने’ या हिंदी चित्रपटासाठी त्याला जागा नाकारली गेली, तेव्हा शिवसेनेने आंदोलन करून तो लावायला भाग पाडले. त्या प्रसंगातील राजकारण काहीही असो, ज्या बोलीला शहरातल्या मोठ्या पडद्यावर तोवर बहुतेकदा नोकराच्या किंवा गावगुंडाच्या तोंडीच स्थान होते, ती बोली बोलणारा नायक पाहायला लोक रांगा लावत होते. अतिहसित हे अधमांचे हास्य ठरवणाऱ्या कोष्टकाला दिलेले हे उत्तर होते, आणि अशा प्रकारे हसणारा माणूस बेसावध झालेला नसतो, स्वतःची किंमत त्याला नव्याने कळलेली असते.

या सर्व विवेचनातील एक अडचण उघड आहे. दादांच्या चित्रपटांचे परीक्षण आज करता येते, कारण ते पाहायला मिळतात. पण ज्या प्रयोगांच्या बळावर त्यांच्या बाजूने निर्णय द्यावासा वाटतो, ते ‘विच्छा’चे प्रयोग त्यांतील बतावणीसह नाहीसे झाले आहेत. सबनीसांची संहिता छापील स्वरूपात आहे, परंतु दादांनी प्रत्येक गावी, प्रत्येक रात्री त्या दिवसाच्या बातम्यांवर रचलेले सवालजवाब संहितेत नाहीत, आणि हास्याची दिशा ठरवणारा भाग नेमका तोच आहे. हे प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडून गेलेला आहे. विद्यापीठांतील मराठी व नाट्यविभागांनी आणि लोककलेच्या अभ्यासकांनी त्या प्रेक्षकांकडून, तसेच त्या ताफ्यातील हयात कलावंतांकडून, जे आठवते ते लवकरात लवकर लिहून घ्यावे.